टँक उघडला की झडप: बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पुन्हा पुन्हा बिथरत असेल तर

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. साप दोन-तीन आठवडे गुमान हातात येतो. मग एके दिवशी झाकण सरकवलं की मान आखडून घेतो, फुत्कारतो, आणि हात पुढे गेला की झडप. घरचे घाबरतात, हाताळणं बंद होतं, पंधरा दिवस फक्त पाणी बदलायला टँक उघडला जातो. मग पुन्हा प्रयत्न, दोन-चार दिवस सगळं सुरळीत, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. शेवटी ‘हा सापच चिडका निघाला’ असं ठरवून त्याच्यासाठी दुसरं घर शोधलं जातं. नव्या घरी टँक नीट असेल तर हाच साप महिन्या-दोन महिन्यांत शांत होतो, आणि दोष कुठे होता ते तेव्हा कळतं. झडपेमागे भीती असते, भूक असते किंवा दुखणं असतं. नुसती हाताळणी थांबवून यांपैकी काहीच बरं होत नाही, म्हणून त्रास पुन्हा डोकं वर काढतो.

पुढचं सगळं बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन बिनविषारी सापांना धरून आहे. भारतात राहणाऱ्यांसाठी कायद्याचं एकदाच सांगून टाकतो. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे इथले साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरात पाळता येत नाहीत. असा साप घरात आला असेल तर वनविभागाला किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला बोलवा. खालचे उपाय त्याच्यावर करून बघू नका. बॉल पायथन सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ऑस्ट्रेलियात हे दोन्ही साप पाळायला बंदी आहे. तिथे परवान्यावर कार्पेट पायथन किंवा स्टिमसन्स पायथन पाळतात. त्यांनाही तापमानाचे आकडे सोडले तर बाकीचं बरंचसं लागू पडतं.

आधी झडप कोणती ते ओळखा

उपाय यावरच ठरतो, त्यामुळे इथे घाई नको. मोबाइल स्टँडवर लावून टँक उघडण्याचं तीन-चार वेळा चित्रण करा आणि नंतर संथ गतीत बघा. नुसत्या डोळ्यांना सगळ्या झडपा सारख्याच दिसतात.

भीतीची झडप अशी दिसते: साप आधी मागे सरकतो, मान नागमोडी आखडून वेटोळ्यावर घेतो, अंग फुगवतो, फुत्कारतो. कॉर्न स्नेक शेपटीचं टोक थरथरवतो. टोक सुक्या पानांना किंवा कागदाला लागलं तर स्पष्ट खरखर ऐकू येते. झडप वेगाने येते आणि तितक्याच वेगाने मागे जाते. पुष्कळदा तोंड मिटलेलंच असतं, नुसतं थोबाड आपटतं. चावलाच तर चावून लगेच सोडतो. सोबत दुर्गंधी स्राव किंवा विष्ठा सोडली तर शंकाच नको, साप घाबरलेला आहे. बॉल पायथनची मूळ सवय गोळा होऊन डोकं आत लपवण्याची. तो गोळा व्हायचं सोडून झडप घालतो आहे म्हणजे लपून भागत नाही अशी त्याची खात्री झालेली आहे, आणि त्याचं कारण टँकमध्ये सापडण्याची शक्यता खूप असते.

भुकेची झडप वेगळी. साप मागे जात नाही, पुढे येतो. जीभ भराभर आत-बाहेर होते, डोकं हाताच्या दिशेने वळतं, फुत्कार नाही की फुगणं नाही. चावला तर सोडत नाही, लगेच वेढे घालतो. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. हाताला उंदराचा वास असेल आणि हात थेट तोंडासमोर आला तर त्या ऊबदार गोष्टीला तो भक्ष्यच समजणार. कॉर्न स्नेकला अशा खाचा नाहीत, पण वास आणि हालचाल त्यालाही पुरते.

दुखण्याची झडप ठरावीक जागी हात लागल्यावर येते. एरवी शांत असलेला साप पोटाकडून उचलला की वळून चावतो, किंवा डोक्याजवळ काही गेलं की दचकतो. हाताळणीला सरावलेल्या मोठ्या सापाचं वागणं अचानक बदललं तर आधी आजारपणाचा विचार करायचा, सवयीचा नंतर.

तापमान: अंदाज नको, मोजमाप

टँकच्या काचेला चिकटवलेली गोल काट्याची तापमापी काढून टाका. ती काचेजवळच्या हवेचं तापमान सांगते, साप मात्र जमिनीवर असतो. दोन प्रोब (वायरीच्या टोकाला असलेले तापमान मोजणारे भाग) असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. एक प्रोब गरम बाजूच्या लपणाच्या, म्हणजे साप लपून बसतो त्या जागेच्या आत, जमिनीला टेकवून, आणि दुसरा थंड बाजूच्या लपणात. शिवाय इन्फ्रारेड गन असेल तर पृष्ठभाग तपासता येतो.

बॉल पायथनला गरम बाजूच्या पृष्ठभागावर ३१ ते ३२ अंश सेल्सियस, थंड बाजूला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २४ च्या खाली नको. आर्द्रता ६० ते ७० टक्के. कॉर्न स्नेकला गरम बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, आर्द्रता ४० ते ६० टक्के.

गार पडलेल्या सापाला पळता येत नाही, अन्न पचत नाही; तो जागच्या जागी पवित्रा घेऊन बसतो. जास्त तापलेला साप रात्रभर काचेला नाक घासत फिरतो आणि हात आत गेला की त्यावरच उसळतो. दोन्हीकडे वरून दिसणारं लक्षण एकच, झडप.

हीट मॅटमध्ये (टँकच्या तळाखाली ठेवायच्या विजेच्या तापपट्टीत) नेहमी होणारा बिघाड असा. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा प्रोब टेपने चिकटवलेला असतो, टेप सुटते, प्रोब थंड बाजूला सरकतो किंवा पाण्याच्या भांड्याखाली जातो. थर्मोस्टॅटला वाटतं टँक गार आहे, तो मॅट चालूच ठेवतो आणि काच ४० च्या वर जाते. वर भुशाचा जाड थर असल्यामुळे आपल्या हाताला काही कळत नाही, पण साप भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतो. मग पोटाच्या खवल्यांवर तपकिरी, ओलसर डाग दिसू लागतात. ते भाजल्याचे असतात. कात टाकायच्या आधी बॉल पायथनचं पोट गुलाबीसर दिसतं, तो रंग सगळीकडे सारखा आणि कोरडा असतो. भाजल्याचा डाग एका ठिकाणी असतो. हे दोन्ही गोंधळू देऊ नका. प्रोब मॅट आणि टँकचा तळ यांच्या मधोमध पक्का बसवा, मॅटवरचा भुशाचा थर पातळ ठेवा, आणि आठवड्यातून एकदा गनने काचेचं तापमान बघा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायची नाही, यात तडजोड नाही. बाजारात मिळणारे तापणारे दगड तर घरात आणूच नका.

आता हवामानाचं. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री खोली १५ अंशांच्या आसपास जाते. मॅट फक्त तळ तापवते, हवा तापवत नाही. साप गरम जागेवर बसून पाठीवर गार हवा झेलत राहतो. टँकला बाहेरून दोन्ही बाजूंनी आणि पाठीमागे थर्माकोलची शीट लावा आणि जाळीच्या आवरणात सिरॅमिक हीटर बसवा, त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट. रात्री लाल बल्ब लावून ठेवू नका. अंधार मिळायला हवा. विदर्भाच्या मे महिन्यात प्रश्न उलटा असतो. थंड बाजूच ३२ वर गेली तर सापाला पळायला जागा उरत नाही, आणि कॉर्न स्नेकला ते फार सोसत नाही. टँक जमिनीवर, घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा आणि थंड बाजूच्या लपणाबाहेर फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवा. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ९० पर्यंत जाते, तेव्हा वायुवीजन वाढवा, नाहीतर खवल्यांवर फोड येतात. अमेरिका किंवा युरोपात राहणाऱ्यांचा त्रास हिवाळ्यातला: घर तापवणाऱ्या यंत्रणेमुळे हवा कोरडी ठणठणीत होते, कात तुकड्यातुकड्याने निघते, डोळ्यांवरचं आवरण तसंच राहतं, आणि नीट न दिसणारा साप प्रत्येक सावलीवर झडपतो.

लपण: बहुतेक टँक इथेच नापास होतात

‘टँकमध्ये हाइड आहे’ एवढं पुरत नाही. दुकानात मिळणारी अर्धगोल लाकडी नळी दोन्ही बाजूंनी उघडी असते. तिला लपण म्हणणं म्हणजे मांडवाला घर म्हणण्यासारखं आहे. बॉल पायथन आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागात उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत दिवस काढतो. त्याला अंगाला भिंती टेकलेल्या लागतात.

लपण किती मोठं हवं याची परीक्षा सोपी आहे. साप आत वेटोळं करून बसला की त्याचं अंग मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकलं पाहिजे, छत पाठीला जवळपास लागलं पाहिजे. तोंड एकच, सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट रुंद. उलटा ठेवलेला अपारदर्शक प्लास्टिकचा डबा उत्तम चालतो. तोंड कापल्यावर कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर खवले खरचटतात. मातीची छोटी कुंडी आडवी ठेवूनही काम भागतं, फक्त ती घरंगळणार नाही असं बघा.

लपणं दोन, आणि दोन्ही सारखीच. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग नवल करतात. गरम बाजूला चांगला डबा आणि थंड बाजूला उघडी नळी असेल तर साप ऊब नको असतानाही डब्यातच बसतो, किंवा गार व्हायचं असतं तेव्हा उघड्यावर येऊन बसतो. उघड्यावरचा साप म्हणजे सावध साप. त्यात वरून हात आला की झालं.

लपणांच्या मधली जागाही रिकामी नको. सुकी पानं, पुठ्ठ्याच्या नळ्या, कॉर्कची साल, प्लास्टिकच्या वेली, जे मिळेल ते भरा, इतकं की सापाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना उघडं मैदान ओलांडावं लागू नये. ‘पिल्लाला मोठा टँक दिला म्हणून बिथरलं’ असं पुष्कळ ऐकू येतं. अडचण टँकच्या आकाराची नसून मोकळेपणाची असते. दाट भरलेल्या १२० सेंटिमीटरच्या टँकमध्ये छोटं पिल्लूही निवांत राहतं, आणि रिकाम्या ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये तेच पिल्लू रोज उसळतं.

तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा किंवा तपकिरी जाड कागद लावा. खोलीत कोणी हललं की चहूबाजूंनी सावल्या दिसणं थांबतं. शक्य असेल तर समोरून उघडणारा टँक घ्या. वरून येणारी गोष्ट सापाच्या लेखी घार किंवा घुबड असते. वरून उघडणाऱ्या टँकमध्ये आपला हात दर वेळी तेच सोंग घेऊन येतो. तसा टँक असलाच तर हात एका कोपऱ्यातून आत न्या, तळापर्यंत खाली आणा आणि मग आडवा सरकवा.

भुसा नारळाचा चांगला, ५ ते ७ सेंटिमीटर थर. मॅटच्या जागी मात्र वर सांगितल्याप्रमाणे पातळ. सीडर किंवा देवदाराचा नको, त्याची बाष्पं सापाच्या श्वसनाला त्रास देतात. आणि एका टँकमध्ये दोन साप ठेवले असतील तर पुढचं काही वाचण्याआधी ते वेगळे करा.

आवाजापेक्षा हादरे वाईट

सापाला बाहेरचा कान नाही, पण तो बहिरा नाही. बॉल पायथनला कमी कंप्रतेचे हादरे, विशेषतः ८० ते १६० हर्ट्झच्या आसपासचे, चांगले जाणवतात. हे हादरे जमिनीतून जबड्यापर्यंत पोचतात. म्हणून बोलण्याचा त्याला फारसा त्रास होत नाही, पण फ्रिजवर, वॉशिंग मशीनशेजारी किंवा स्पीकरच्या टेबलावर ठेवलेला टँक म्हणजे सापाला सतत कोणीतरी चालत येत असल्याचा भास. गणपतीत ढोल-ताशा खिडकीखालून जाणार असेल किंवा दिवाळीचे दिवस असतील तर टँक रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर, आतल्या खोलीत न्या, खाली जाड रबरी किंवा फोमची शीट घाला, आणि त्या दिवसांत साप बाहेर काढू नका. मिरवणुकीच्या रात्री पाहुण्यांना साप दाखवायची हौस महागात पडते.

वासाचंही तसंच. घरात पांढरे उंदीर पाळले असतील तर ते वेगळ्या खोलीत. मांजर टँकवर झोपत असेल तर तिची सोय दुसरीकडे. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून आत घाला. सॅनिटायझरचा ओला वास तोंडाजवळ गेला की शांत सापही मागे झटकतो.

कात, माइट्स आणि आजार

डोळे दुधाळ निळसर झाले की हाताळणी बंद. कात टाकण्याचा हा काळ साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो. डोळे पुन्हा स्वच्छ झाले म्हणजे कात निघाली असं नाही. ती त्यानंतर तीन-चार दिवसांनी निघते. पुष्कळ जण याच तीन-चार दिवसांत हात घालतात आणि चावून घेतात. निघालेली कात उजेडात धरून दोन्ही डोळ्यांवरच्या टोप्या आल्या आहेत का बघा. राहिल्या असतील तर चिमट्याने ओढू नका, डोळा जातो. ओल्या शेवाळाचं लपण ठेवा, पुढच्या कातीत बहुधा निघतात. दोन कातींनंतरही राहिल्या तर पशुवैद्याकडे जा.

साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर माइट्सची, म्हणजे अंगावर राहून रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांची, तपासणी करा. पांढरा टिश्यू ओला करून सापाच्या अंगावरून फिरवा. खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके दिसले आणि त्यांतला एखादा हलला, तर निदान झालं. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच बघायला विसरू नका. भुसा फेकून द्या, टँक गरम पाण्याने धुवा, महिनाभर तळाला फक्त पांढरा टिश्यू पेपर ठेवा. औषध पशुवैद्याच्या सांगण्यावरूनच. घरातलं झुरळांचं स्प्रे किंवा कुत्र्याची गोचीड पावडर सापाच्या जिवावर बेतते. अंडी मागे राहतात, त्यामुळे एकदा फवारून भागत नाही, उपचार काही आठवडे चालतात.

नाकपुड्यांत बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं. हिरड्या लाल आणि त्यावर पिवळट खरवसासारखी साय म्हणजे तोंड आलेलं. या दोन्हींत घरगुती उपाय नकोत. दर दोन आठवड्यांनी किचनच्या वजनकाट्यावर डब्यासकट साप तोला. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर वागण्याचा प्रश्न बाजूला ठेवा आणि सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा.

भुकेच्या झडपेवर उपाय

टँक उघडला की खाणं येतं, ही सवय आपणच लावतो. आठवड्यात एकदाच टँक उघडायचा आणि तोही उंदीर द्यायला, मग सापाने दुसरं काय समजावं? अशा वेळी साप वेगळ्या डब्यात नेऊन खाऊ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. खाऊन झाल्यावर साप भुकेच्या आवेशातच असतो आणि नेमकं तेव्हा त्याला उचलून परत टँकमध्ये ठेवावं लागतं. शिवाय हलवाहलवीमुळे खाल्लेलं उलटून पडू शकतं.

त्याऐवजी टॅप शिकवा. खाणं द्यायचं नसेल तेव्हा टँक उघडल्यावर पहिली गोष्ट एकच करायची: हुकने (साप उचलायच्या लांब आकडीने), किंवा हुक नसेल तर किचन टॉवेलच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीने, सापाच्या अंगाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शाला हलकेच स्पर्श करून दोनदा घासायचं. डोक्याला नाही. भुकेला साप नळीकडे वळतो, वास घेतो, ती गार आणि बेचव आहे हे कळतं आणि मान सैल सोडतो. मान सैल झाली की मगच हात. खाण्याच्या दिवशी टॅप अजिबात करायचा नाही. एकदा टॅप करून उंदीर दिला की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

उंदीर ३० सेंटिमीटरच्या लांब चिमट्याने द्या, बोटांनी कधीच नाही. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्याचा बर्फ सुटू द्या, मग झिप बॅगेत घालून गरम पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा, पुसून कोरडा करा. मायक्रोवेव्ह नको, तो आतून शिजतो आणि फाटतो. जिवंत उंदीर टाकून खोलीबाहेर जाऊ नका. उंदीर सापाला कुरतडतो आणि असा चावा खाल्लेला साप पुढे कित्येक महिने प्रत्येक हालचालीला बिचकतो.

कमी खाणंही तपासा. पिल्लाला ५ ते ७ दिवसांनी, वजनाच्या १० ते १५ टक्के. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला १४ ते २८ दिवसांनी, साधारण ५ टक्के. महिनाभर उपाशी असलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू बोटांवर धावून आलं तर त्याला शिस्त नको, उंदीर हवा.

हाताळणी परत सुरू करताना

टँक दुरुस्त केल्यावर दोन आठवडे काहीही करू नका. फक्त पाणी आणि सफाई. ओळीने तीन-चार वेळा खाणं नीट घेतलं की सुरुवात करा.

१. खाल्ल्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही. खाणं मोठं असेल तर ७२ तास.

२. संध्याकाळची, खोली शांत असलेली वेळ ठरवा. टॅप करा. लपणात असेल तर लपण आधी सावकाश उचलून बाजूला ठेवा. आत हात घालून ओढू नका.

३. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत झेप घेऊ शकतो. १२० सेंटिमीटरच्या सापापासून चेहरा ६० सेंटिमीटरहून दूर हवा.

४. हात बाजूने, अंगाच्या मध्याखालून सरकवा आणि एका दमात उचला. अर्धवट पुढे-मागे होणारा हात सापाला सर्वांत जास्त बिथरवतो. दुसरा हात मागच्या भागाखाली. पकडायचं नाही, नुसता आधार द्यायचा.

५. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, टँकच्या शेजारीच बसून. मग दहा, मग पंधरा.

६. साप शांत असतानाच परत ठेवा.

सहावी पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी. सापाने झडप घातली, हात मागे गेला, झाकण लागलं. सापाच्या बाजूने बघा, त्याने धोका परतवून लावला. पुढच्या वेळी तो तेच करणार, आणखी लवकर करणार. म्हणून झडप आली तर हात जागेवर थांबवा, मागे खेचू नका, हुकवर अंग पेलून उचला, अर्धा मिनिट धरा, श्वास संथ झाला की ठेवा. याचा अर्थ सापाला थकेपर्यंत धरून ठेवा असा नाही. सतत फुत्कार, स्राव सोडणं, अंगाचा ताठरपणा एका मिनिटात कमी होत नसेल तर हुकने परत ठेवा आणि टँकचे आकडे पुन्हा मोजा. हातमोज्यांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. आमच्या मते पहिले चार-सहा दिवस हात थरथरू नये म्हणून पातळ बागकामाचे मोजे घालायला हरकत नाही. थरथरणाऱ्या हातापेक्षा ते बरे. जाड चामड्याचे नकोत, सापावर किती जोर पडतोय ते कळत नाही. अंगावरचा टी-शर्ट टँकमध्ये ठेवून वासाची ओळख करून देण्याचा तोडगाही प्रसिद्ध आहे. अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

चावलाच तर

हात झटकू नका. दात मागे वळलेले असतात; ओढलं की आपली कातडी फाटते आणि दात मोडून जखमेत राहतात. भीतीचा चावा आपोआप सुटतो. भुकेचा चावा सुटत नसेल तर सापाच्या तोंडावर नळाचं गार पाणी सोडा. तरीही न सुटल्यास अल्कोहोल असलेल्या माउथवॉशचा एखादा थेंब तोंडाच्या कडेला. वेढे शेपटीकडून उलगडा, डोक्याकडून नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा, अडकलेला दात दिसला तर काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. सांध्याजवळ चावा असेल, सूज वाढत असेल किंवा पू धरला तर डॉक्टर. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे चावा नसला तरी दर वेळी हात धुणं आलंच, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात साप देऊ नये.

नेहमीच्या चौकटीत न बसणारे

कॉर्न स्नेकची नुकती फुटलेली पिल्लं शेपटी थरथरवून झडपतात, हा त्यांचा वयाचा गुण आहे; टँकमध्ये दोष नसेल तर काही महिन्यांत मावळतो. बॉल पायथनचे नर थंडीच्या दिवसांत खाणं सोडून रात्रभर फिरतात आणि चिडचिडे वाटतात. वजन टिकून असेल तर उपचार नकोत. अंडी असलेली मादी वेटोळं सोडत नाही आणि कोणालाही जवळ येऊ देत नाही, तिला एकटं सोडा. ‘स्पायडर’ प्रकारच्या बॉल पायथनमध्ये डोकं हलण्याचा, तोल जाण्याचा जन्मजात दोष असतो. त्याची चुकलेली, वेडीवाकडी झडप आक्रमकपणाची समजू नका, ती सुधारणार नाही. किंगस्नेक पाळणाऱ्यांना वरचं भुकेचं प्रकरण दुप्पट लागू होतं. तो हळूच येतो, वास घेतो आणि चावायला लागतो, अगदी भाकरीचा तुकडा चघळावा तसा. हॉगनोज मान चपटी करून फुसफुसतो, उताणा पडून मेल्याचं सोंग करतो. बहुतेक वेळा तोंड मिटलेलंच असतं. पण त्याची लाळ सौम्य विषारी असते, त्यामुळे तो धरून चावू लागला तर वाट बघत बसू नका, लगेच सोडवा.

सगळं करून तीन-चार महिन्यांनीही जो साप हातात येत नाही, तो येऊ द्यायचा अट्टहास सोडा. त्याच्यासाठी लपणालाच तळ बसवा: सरकणारं दार असलेला डबा, तळ बंद. साप दिवसा आत झोपलेला असताना दार सरकवायचं, डबा अलगद उचलून बाजूला ठेवायचा, टँक साफ करायचा, पाणी बदलायचं, डबा परत ठेवून दार उघडायचं. सापाला कळतही नाही आणि बोटंही शाबूत राहतात. दाराला एक छोटी कडी लावा, नाहीतर डबा उचलताना ते सरकतं.